परभणीतून समुद्र दिसायला किती वर जावं लागेल?

जिंतूरजवळ नेमगिरीच्या टेकडीवर उभं राहिलं की खाली सपाट काळं रान पसरलेलं दिसतं. ज्वारी उभी असेल तर वाऱ्यानं तिच्यावर लाटा धावतात आणि पार टोकाला आभाळ जिथं टेकतं तिथं एक रेघ उमटते. समुद्र न पाहिलेलं पोरगं अशा वेळी हमखास विचारतं, त्या रेघेच्या पलीकडं समुद्र आहे का?

आहे. परभणीहून पश्चिमेला, सरळ रेषेत साधारण 400 किलोमीटरवर. मग दिसत का नाही? आड डोंगर येतात, हे अर्धंच उत्तर झालं. डोंगर सगळे बाजूला सारले तरी पृथ्वीच आड येते. ती गोल आहे, त्यामुळं तिची पाठ आपल्या नजरेखालून हळूहळू घसरत जाते.

किती घसरते, याचा हिशेब शाळकरी मुलालाही जमेल. आपण पाण्यापासून जितके मीटर उंच आहोत, त्या आकड्याचं वर्गमूळ काढायचं आणि त्याला 3.57 नं गुणायचं. क्षितिज किती किलोमीटरवर आहे ते मिळतं. किनाऱ्यावर वाळूत उभ्या असलेल्या माणसाचे डोळे पाण्यापासून दीड मीटरभर वर असतात. त्याचं क्षितिज जेमतेम साडेचार किलोमीटरवर येतं. अथांग म्हणून ज्याच्याकडं आपण तासन् तास बघत बसतो, तो समुद्र पायी तासाभराच्या अंतराएवढाच दिसत असतो! तोच माणूस 100 मीटरच्या डोंगरावर चढला की नजर 36 किलोमीटरपर्यंत पोचते. मात्र वर्गमूळ फार कंजूष असतं. नजर दुप्पट लांब न्यायची तर उंची चौपट करावी लागते.

आता परभणीचं गणित मांडू. 400 किलोमीटर दूरच्या किनाऱ्यापर्यंत नजर पोचायला साडेबारा हजार मीटर उंची लागेल. एव्हरेस्टच्या डोक्यावर दोन कळसूबाई रचल्या तरी थोडं कमीच पडतं. आणि हे सह्याद्री नाहीच असं धरून. तो मध्ये आहे, म्हणून आणखी वर जावं लागेल.

सोपा मार्ग म्हणजे सह्याद्रीच्याच माथ्यावर जाऊन उभं राहणं. मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते ती ही की त्या चढाला आपण कधीच लागलेलो असतो. परभणी समुद्रसपाटीपासून सुमारे 350 मीटर उंच आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास लाव्ह्याचे थरावर थर साचले आणि दख्खनचं पठार झालं. ते पूर्वेकडं अलगद उतरतं, म्हणून तर गोदावरी अरबी समुद्राकडं पाठ फिरवून गंगाखेडवरून बंगालच्या उपसागराकडं निघून जाते. आपल्या रानातली काळी माती म्हणजे त्याच दगडाची झिजून झालेली भुकटी. पश्चिमेला मात्र हाच दगड एकदम तुटतो. महाबळेश्वरच्या पॉइंटवर कठड्याला हात टेकून उभं राहावं, तर पुढं जमीनच नसते.

महाबळेश्वर सुमारे 1,350 मीटर उंच, म्हणजे क्षितिज 130 किलोमीटरवर. हर्णैचा किनारा तिथून साठेक किलोमीटर. तेव्हा हवा स्वच्छ असेल तर किनारा दिसतोच, शिवाय त्यापुढचा सत्तरेक किलोमीटर समुद्रही नजरेत येतो. आर्थर सीटवरून खाली सावित्रीचं खोरं दिसतं. महाबळेश्वरात उगम पावलेली ती नदी बाणकोटला समुद्राला मिळते.

उंचावरून पाहताना आणखी एक नवल घडतं. आपण चढत जातो तसा समुद्रही चढत येतो. तो पायाखाली खोल पडलेला न दिसता समोर उभ्या निळ्या भिंतीसारखा वाटतो, कारण क्षितिज जवळजवळ डोळ्यांच्याच पातळीवर राहतं. जवळजवळ म्हटलं, कारण ते किंचित खाली झुकलेलं असतं. महाबळेश्वराहून हा झुकाव एका अंशाहून थोडा जास्त, हात लांब करून धरलेल्या करंगळीच्या जाडीएवढा. अकराव्या शतकात अल्-बिरुनी या विद्वानानं पंजाबातल्या नंदना किल्ल्याजवळच्या डोंगरावरून हाच झुकाव मोजला आणि त्यावरून पृथ्वीची त्रिज्या काढली. आजच्या 6,371 किलोमीटरच्या ती फार जवळ होती. त्याच्यासमोर समुद्र नव्हता. आपल्यासारखंच मैदान होतं.

क्षितिज खाली झुकलं की सूर्यही उशिरा मावळतो. दुबईच्या 828 मीटर उंच बुर्ज खलिफात 80 व्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांनी रोजा दोन मिनिटं उशिरा सोडावा आणि 150 व्या मजल्याच्या वरच्यांनी तीन मिनिटं, असं तिथल्या धर्मशास्त्रज्ञांनी 2011 मध्ये सांगितलं. खाली रस्त्यावर अजान झालेली असते, तेव्हा वरच्या खिडकीत सूर्य अजून शिल्लक असतो.

महाबळेश्वरला जाणार असाल तर पावसाळा सरल्या सरल्या जा. पावसानं हवेतली धूळ धुऊन काढलेली असते. उन्हाळ्यात धुरकट पडद्यामागं सगळं बुडून जातं. दुपारी मात्र निळ्या पाण्याच्या शोधात डोळे ताणू नका. एवढ्या लांबून पाणी आणि आभाळ एकमेकांत मिसळलेलं असतं. संध्याकाळी बॉम्बे पॉइंटवर थांबा. सूर्य खाली येऊ लागला की डोंगरांच्या शेवटच्या काळ्या रांगेमागं, जिथं मघापर्यंत नुसती धूसर हवा होती, तिथं एक बारीक सोनेरी पट्टी चमकायला लागते. ती ढगाची नाही.