विश्लेषण : ‘मॅकेनाज गोल्ड’मधली सोन्याची दरी खरोखर आहे का?

सोन्याने भरलेली दरी, जाळलेला नकाशा आणि त्यामागे धावणारी माणसे. ‘मॅकेनाज गोल्ड’ (१९६९) अमेरिकेत फारसा चालला नाही. भारतात मात्र तो वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा प्रदर्शित होत राहिला. या कथेत खरे किती?

कथा काय?

मरणपंथाला लागलेल्या अपाची म्हाताऱ्याकडचा नकाशा मार्शल मॅकेना (ग्रेगरी पेक) पाहतो आणि जाळून टाकतो. वाट आता फक्त त्याच्या डोक्यात असल्याने दरोडेखोर कोलोराडो (ओमर शरीफ) त्याला पळवून नेतो. पुढे गावातले प्रतिष्ठित, धर्मोपदेशक आणि लष्करातला सार्जंटही सोन्याच्या मागे लागतात.

मूळ कुठले?

चित्रपट विल हेन्री यांच्या १९६३ च्या कादंबरीवर आधारित आहे. तिच्यामागे न्यू मेक्सिकोतील ‘ॲडम्सची हरवलेली खाण’ ही आख्यायिका आहे. आख्यायिकेनुसार १८६४ मध्ये ॲडम्स नावाचा मालवाहू गाडीवान वीसेक जणांसह एका दरीत पोहोचला. तिथे सोने मिळाले; पण अपाचींच्या हल्ल्यात बहुतेक सारे मारले गेले. बचावलेल्या ॲडम्सला पुन्हा ती जागा सापडली नाही. त्याच्यानंतरही अनेकांनी शोध घेतला, हाती काही लागले नाही. चित्रपटात एडवर्ड जी. रॉबिन्सन यांनी रंगवलेला आंधळा ॲडम्स त्याच्यावरच बेतलेला आहे.

पडद्यावरची जागा कोणती?

काही चित्रीकरण ॲरिझोनातील ‘कॅनियन द शे’ या दरीत झाले. सूर्योदयाला लांब सावली टाकणारा चित्रपटातला सुळका तिथल्या ‘स्पायडर रॉक’वरून घेतला आहे. हा खडक सुमारे ७५० फूट उंच असून नवाहो लोकांसाठी पवित्र आहे.

मग हरवले काय?

आख्यायिकेतले १८६४ हे वर्ष या दरीसाठी वेगळ्याच कारणाने महत्त्वाचे आहे. त्या जानेवारीत किट कार्सनच्या नेतृत्वाखालील अमेरिकी सैन्य दरीत शिरले. नवाहोंचे अन्नसाठे नष्ट केले गेले, नंतर पीचच्या बागाही तोडल्या गेल्या. हजारो लोकांना शेकडो किलोमीटर चालवत बॉस्क रेडोंडो छावणीत नेले गेले. वाटेत आणि छावणीत अनेकांचा जीव गेला. १८६८ च्या करारानंतरच नवाहोंना परतता आले.

चित्रपटात मूळ रहिवासी दिसतात ते प्रामुख्याने सोन्याचे राखणदार आणि हल्लेखोर म्हणून. प्रत्यक्षात ते आपली घरे, शेते आणि माणसे राखत होते. ॲडम्सच्या सोन्याचा पुरावा आजवर मिळालेला नाही; दरीतल्या या विध्वंसाची नोंद मात्र खुद्द सैन्याच्याच कागदपत्रांत आहे.

आज काय स्थिती?

ही दरी १९३१ पासून राष्ट्रीय स्मारक आहे, पण जमीन नवाहोंचीच आहे. तिथे आजही नवाहो कुटुंबे राहतात, शेती करतात. दरीच्या तळाशी उतरायचे असेल तर सहसा नवाहो वाटाड्या सोबत घ्यावाच लागतो.