कार्ड तेच, बोली निराळी

कवितेच्या वाटेने जाणारा माणूस आज ग्राफिक्स कार्डाविषयी बोलणार म्हटल्यावर काहींच्या भुवया वर जातील. पण ही गोष्ट जितकी यंत्राची आहे तितकीच भाषेची आहे. म्हणून तिच्याविषयी बोलावंसं वाटलं.

संगणकाच्या पडद्यावर जे जे उमटतं, मग ते लग्नपत्रिकेतलं मराठी अक्षर असो की मुलांचा खेळ, ते चितारण्याचं काम ग्राफिक्स कार्ड करतं. पेटी उघडली की मदरबोर्डावरच्या एका खाचेत ते उभं बसवलेलं दिसतं. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अ‍ॅपलच्या पॉवर मॅक संगणकांत आणि साध्या पीसीत या खाचा एकाच पद्धतीच्या होत्या. आधी पीसीआय, मग एजीपी. पीसीचं कार्ड मॅकच्या खाचेत नीट बसायचं. बटण दाबलं की पंखा फिरायचा, पण पडदा मात्र काळाच राहायचा. असं का व्हायचं?

बटण दाबल्याच्या पहिल्या क्षणी विंडोज किंवा मॅक ओएस अजून डिस्कवर झोपलेली असते. तोवर कार्डाला जागं कोण करणार? त्यासाठी कार्डावरच एक छोटी स्मृती-चिप असते. तिच्यात ‘मी अमुक कार्ड, मला असं सुरू करा’ अशा सूचना लिहिलेल्या असतात. यालाच फर्मवेअर म्हणतात. एका अर्थी कार्ड स्वतःची ओळखचिठ्ठी खिशात घेऊनच परक्या घरी जातं. पीसीच्या कार्डावरची ही चिठ्ठी इंटेल जातीच्या प्रोसेसरच्या आज्ञांत लिहिलेली असायची. पॉवर मॅकचा पॉवरपीसी प्रोसेसर त्या आज्ञा जाणत नव्हता. आजोबांच्या जमिनीचा कागद मोडीत असला की तो हातात असूनही नातवाला वाचता येत नाही. तसाच हा प्रकार.

मॅककडे मात्र एक सुंदर सोय होती, तिचं नाव ओपन फर्मवेअर. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीतल्या मिच ब्रॅडली यांच्या कामातून ती उभी राहिली आणि १९९४ मध्ये आयईईई १२७५ या नावाने तिचं मानक झालं. चार्ल्स मूर यांनी निर्माण केलेल्या फोर्थ या भाषेवर ती आधारलेली. कार्डावरची चिठ्ठी एफकोड नावाच्या संक्षिप्त खुणांत लिहायची आणि यंत्राने ती आपापल्या प्रोसेसरसाठी उलगडून घ्यायची. जणू प्रत्येक दारात एक दुभाष्या बसलेला. हीच ओपन फर्मवेअर पुढे मुलांसाठीच्या ‘एक्सओ’ लॅपटॉपमध्ये आली आणि २००७ मध्ये आपल्या रायगड जिल्ह्यातल्या खैराट गावच्या शाळेत ते लॅपटॉप मुलांच्या हाती पडले.

आता मूळ मुद्दा. एटीआय कंपनीचं रेडिऑन ९८०० प्रो हे कार्ड घ्या. पीसीसाठी वेगळं, मॅकसाठी वेगळं, अशा दोन आवृत्त्या निघाल्या. चित्रं काढणारी मुख्य चिप दोन्हींत तीच. मॅकची आवृत्ती मात्र महाग आणि दुर्मीळ. मग हौशी मंडळींनी विचार केला की, फरक चिठ्ठीचाच असेल तर चिठ्ठीच बदलू या. पीसीच्या कार्डावरची चिप पुसून तिच्यावर मॅकचं फर्मवेअर लिहायचं. याला ‘फ्लॅश करणं’ म्हणतात.

ऐकायला सोपं वाटलं तरी वाटेत तीन खड्डे होते. पहिला जागेचा. पीसीच्या बऱ्याच कार्डांवर ६४ किलोबाइटची चिप असायची आणि मॅकची चिठ्ठी जवळपास दुप्पट लांब. म्हणजे एकतर जुनी चिप उकलून मोठी डकवायची, नाहीतर चिठ्ठीतला अनावश्यक मजकूर कापून ती ६४ त बसवायची. दुसरा खड्डा तारांचा. पॉवर मॅक जी-४ च्या एजीपी खाचेत ३ आणि ११ क्रमांकाच्या टोकांना अ‍ॅपलने एक काम दिलेलं, तर नव्या आठपट वेगाच्या कार्डांत त्यांना दुसरंच काम. त्यामुळे त्या दोन पट्ट्यांवर चिकटपट्टी लावून त्या झाकाव्या लागत. तिसरा खड्डा हिशेबाचा. पीसीच्या फर्मवेअरमधल्या सगळ्या बाइटांची बेरीज २५६ ने निःशेष भागली गेली पाहिजे, असा दंडक आहे. एक बाइट बदलला की दुसरीकडे तेवढी भरपाई करावी लागते. दुकानातल्या किर्दीसारखंच, एक आकडा चुकला तर रोकड जुळत नाही.

या चिठ्ठीची बांधणीही पाहण्यासारखी आहे. सुरुवातीलाच ५५ आणि एए ही खूण, मग ५१२ बाइटांच्या हिशेबात लांबी, आणि पुढे भाषेचा क्रमांक. ० म्हणजे पीसीची भाषा, १ म्हणजे ओपन फर्मवेअर, ३ म्हणजे ईएफआय. गंमत म्हणजे एकाच चिपमध्ये अशा अनेक चिठ्ठ्या एकामागून एक ठेवता येतात. ज्याने त्याने आपल्या भाषेतली वाचावी. एकाच कागदावर वर मोडी आणि खाली बाळबोध लिहावं तसं.

हे काम करणाऱ्याने आधी मूळ फर्मवेअरची प्रत काढून जपून ठेवायची असते. कार्डावरची स्मृती कोणत्या जातीची, तिचा वेग किती, हे न पाहता भलतंच फर्मवेअर लिहिलं किंवा लिहिताना वीज गेली, तर कार्ड मुकं होतं. तरी ते मेलं असं समजू नये. दुसऱ्या कार्डावर पडदा चालवून किंवा आठ पायांच्या त्या चिपला चिमटा लावून मूळ प्रत पुन्हा लिहिता येते.

२००६ मध्ये अ‍ॅपलने इंटेलचे प्रोसेसर घेतले. बोली पुन्हा बदलली, आता ईएफआय आली. मॅक प्रोमध्ये पीसीचं कार्ड घातलं की सुरुवातीचा पडदा काळा, पण मॅक ओएसकडे त्या कार्डाचा ड्रायव्हर असेल तर थोड्या वेळाने चित्र उमटे. २०१८ मध्ये मोजावे ही आवृत्ती आली. २०१० आणि २०१२ च्या मॅक प्रोवर ती चालवायला ‘मेटल’ जाणणारं कार्ड लागे. तेव्हा सफायरचं रेडिऑन आरएक्स ५८० हे पीसीचं कार्ड चालेल, असं अ‍ॅपलनेच सांगितलं. आठ वर्षांच्या यंत्राला एका कार्डाने नवं आयुष्य मिळालं.

पुढे दारं मिटत गेली. नव्या कार्डांचं फर्मवेअर डिजिटल सहीनिशी येतं. त्यात फेरफार केला की कार्ड ते नाकारतं. याला कारण आहे. फर्मवेअरमध्ये लपलेला विषाणू सहजी सापडत नाही आणि बनावट कार्डं विकणारेही याच वाटेने येतात. शिवाय मॅकच्या फर्मवेअरवर त्याच्या निर्मात्याचा हक्क असतो, हेही विसरता येत नाही. पण सहीच्या कुलपामुळे प्रामाणिक दुरुस्ती करणाराही बाहेरच राहतो. २०२३ च्या मॅक प्रोमध्ये खाचा आहेत, पण ग्राफिक्स कार्डाला तिथे प्रवेशच नाही.

आपल्याकडे ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्याआधी २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी संकेतस्थळही सुरू केलं. हा प्रश्न केवळ हौशी लोकांचा नाही. डीटीपीच्या लहान दुकानात मालकाचा सारा संसार एका जुन्या यंत्रावर चालतो. जुने फॉन्ट, जुन्या फायली त्यातच अडकलेल्या. त्यातलं कार्ड गेलं आणि दुसरं मिळालं नाही, तर धडधाकट यंत्र भंगारात जातं आणि त्याच्याबरोबर कित्येक वर्षांची अक्षरंही जातात.

वस्तू निरुपयोगी झाली असं आपण फार लवकर म्हणतो. पुष्कळदा ती चांगली असते, फक्त समोरच्याला तिची भाषा कळत नसते. अशा वेळी ती फेकण्याआधी एखादा दुभाष्या शोधून पाहावा, आणि ज्यांनी ती बनवली त्यांनी त्या दुभाष्यासाठी एक दार उघडं ठेवावं, एवढंच माझं सांगणं आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)