बंगळुरूत घरावर दोन मजले : आधी पाया, मग सिमेंट

जुन्या घरावर दोन मजले चढविण्याचा खर्च बंगळुरूत सहसा चौरस फुटाच्या दराने मोजला जातो. हा हिशेब अपुरा आहे. मूळ पाया व खांब वाढीव भार पेलतील काय, याची स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून तपासणी हा पहिला खर्च. खांबांना मजबुती द्यावी लागल्यास सारे गणित बदलते. ऑक्टोबर २०२४ मध्ये शहरातील बाबूसापाळ्य येथे बांधकामाधीन इमारत कोसळून ९ जणांचा मृत्यू झाला होता.

भोगवटा दाखल्याविना वीज-पाणी जोडणी देऊ नये, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ रोजी दिले. १२०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडांवरील लहान घरांना कर्नाटक सरकारने २०२५ मध्ये या दाखल्यातून सूट दिली. नकाशा मंजुरीचा खर्च मात्र धरावाच. सिमेंटवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला, पण काम लांबल्यास ती बचत भाड्याच्या घरातच संपेल.