मोठ्या मोटरने होडी पळत नाही

वाचकहो, या लेखात एका मुलाची होडी आहे आणि आमची एक चूक आहे. चूक आधी सांगितली पाहिजे, कारण तिच्यापायी एका कष्टकरी घरातले पैसे जळाले.

आम्ही भुसावळला राहतो. आमच्या शेजारी एक रिक्षाचालक बंधू राहतात. त्यांचा धाकटा मुलगा दहावीत आहे. त्याला वायर, सेल, मोटर यांचा भारी नाद. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याने एका मंडपवाल्याकडे दिव्यांच्या माळा दुरुस्त केल्या. मिळालेल्या पैशांतून त्याने रिमोटवर चालणारी विजेची होडी तयार केली. साठ सेंटिमीटर लांबीचा, गोल बुडाचा प्लायवूडचा सांगाडा. आत सहा सेलची ७.२ व्होल्टची बॅटरी, ३८० मापाची छोटी मोटर आणि मोटरचा वेग कमीजास्त करणारा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर. मागे पाण्यात ३० मिलिमीटरचा प्रोपेलर, म्हणजे साध्या भाषेत पाण्यातला पंखा.

होडी चालत होती, पण संथ. शाळेचे विज्ञान प्रदर्शन तीन आठवड्यांवर आले तेव्हा तो आमच्याकडे आला.

"काका, हिला पळवायची कशी?"

आम्ही फारसा विचार न करता सांगून टाकले, "मोटर मोठी टाक, पंखाही मोठा टाक."

मुलाने उरलेल्या पैशांतून ५४० मापाची मोटर आणली आणि ४० मिलिमीटरचा पंखा बसवला. रविवारी आम्ही सगळे तळ्यावर गेलो. होडीने नाक वर केले, मागे मोठी लाट उठली. पण वेग म्हणावा तसा वाढला नाही. दोन मिनिटांत जळका वास आला. काठावर घेऊन झाकण उघडले तर कंट्रोलर काळा पडलेला आणि वायरचे आवरण मऊ झालेले.

मुलाचे वडील एवढेच म्हणाले, "पुरे झालं आता. दहावीचं वर्ष आहे." मुलगा काही बोलला नाही. घरी गेल्यावर त्याने होडी पिशवीत घालून माळ्यावर टाकली. त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. सल्ला आमचा होता आणि पैसा त्याचा.

फिटरचा डोळा

आमचे वडील भुसावळच्या इलेक्ट्रिक लोको कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलाला बोलावले आणि होडी खाली काढायला लावली. मोटर हातात फिरवून पाहिली आणि म्हणाले, "मोटर धड आहे, बाळा. तिच्यावर ओझं किती टाकलंस ते तू मोजलंच नाहीस."

पहिले काम त्यांनी केले ते मोटरपासून पंख्यापर्यंत जाणारा दांडा, म्हणजे शाफ्ट, चिमटीत धरून फिरवण्याचे. तो एका जागी अडत होता. मोटर आणि शाफ्ट एका सरळ रेषेत नव्हते आणि त्यांना जोडणारे कपलिंग ताठ होते. नुसती मोटर हवेत २ अँपिअर घेत होती. शाफ्ट जोडला की तीच ४ अँपिअर घेऊ लागे. म्हणजे पाण्याला हात लावण्यापूर्वीच निम्मी वीज घासण्यात जात होती.

यावरचा उपाय सोपा आहे. मोटर पक्की करण्याआधी तिचा दांडा आणि शाफ्ट यांवर एक सरळ, घट्ट बसणारी धातूची नळी चढवावी. दोन्ही आपोआप एका रेषेत येतात. त्या स्थितीत मोटरचे स्क्रू आवळावेत, मग नळी काढून तिथे दोन्ही बाजूंना वळणारे युनिव्हर्सल कपलिंग बसवावे. शाफ्टच्या नळीत ग्रीस भरावे. त्याने घर्षण कमी होते आणि पाणीही आत शिरत नाही. एवढे केल्यावर आकडा अडीच अँपिअरवर आला.

पंख्याचे गणित

नंतर वसाहतीतल्या कपडे धुण्याच्या हौदात होडी सोडली आणि मागून दोरीने बांधली. जळालेला कंट्रोलर बाजूला ठेवून बॅटरी, फ्यूज, स्विच आणि मोटर अशी सरळ जोडणी केली. वायरभोवती डीसी क्लॅम्प मीटर धरला. ४० मिलिमीटरच्या पंख्याने मीटरवर २६ अँपिअर दाखवले. जळालेल्या कंट्रोलरवर लिहिले होते २० अँपिअर. मुलगा त्या आकड्याकडे बघतच राहिला.

असे का होते, हे प्रत्येक विद्यार्थ्याने वहीत लिहून ठेवण्यासारखे आहे. पाण्यातल्या पंख्याचे फेरे दुप्पट केले तर त्याला आठपट शक्ती लागते. फेरे तेवढेच ठेवून पंख्याचा व्यास ३० वरून ४० मिलिमीटर केला तर शक्ती चौपटीहून थोडी जास्त लागते. दिसायला फरक फक्त एक सेंटिमीटरचा! आणि वायरमधून जाणारा प्रवाह दुप्पट झाला की तिच्यात उष्णता चौपट निर्माण होते. आम्ही मोटरही मोठी करायला सांगितली आणि पंखाही. दोन्ही ओझी एकदम वाढली आणि मधला कंट्रोलर बळी पडला.

मेंढपाळाची होडी

पंखा मोठा म्हणजे वेग मोठा, हा गैरसमज फार जुना आहे. तो मोडला गेला त्याचा किस्सा मोठा मजेदार आहे. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस पेटिट स्मिथ नावाचे गृहस्थ होऊन गेले. ते शिकलेले इंजिनीअर नव्हते, मेंढ्या पाळणारे शेतकरी होते. लहानपणापासून होड्यांचे नमुने करण्याचा छंद होता. १८३५ च्या सुमारास त्यांनी लंडनजवळच्या हेंडन येथील आपल्या शेतावर स्प्रिंगने फिरणारा स्क्रू बसवलेली छोटी होडी तळ्यात चालवून पाहिली. १८३६ साली त्यांनी पेटंट घेतले आणि वाफेच्या इंजिनाची लहान बोट बांधली. तिचा पंखा लाकडी, दोन पूर्ण वेढ्यांचा मळसूत्री स्क्रू होता.

१८३७ साली पॅडिंग्टनच्या कालव्यात चाचणी चालू असताना तो स्क्रू कशाला तरी आपटून मधोमध तुटला. एकच वेढा उरला. बोट थांबायला हवी होती. पण ती आधीपेक्षा वेगाने धावू लागली! लांब स्क्रू पाणी ढकलण्यापेक्षा पाण्याशी घासण्यातच शक्ती घालवत होता. स्मिथ यांनी त्या अपघाताला नशीब म्हणून सोडून दिले नाही. त्याचे कारण शोधले आणि रचनाच बदलली. पुढे त्यांच्या 'आर्किमिडीज' या जहाजाने हा पंखा जगापुढे आणला. १८४३ साली ब्रिस्टल येथे पाण्यात उतरलेल्या 'ग्रेट ब्रिटन' या लोखंडी जहाजानेही चाकांऐवजी पंखाच स्वीकारला.

'ग्रेट ब्रिटन'ची आणखी एक गोष्ट आमच्या होडीच्या कामाची आहे. त्याचे वाफेचे इंजिन मिनिटाला सुमारे १८ फेरे घेई. पंख्याला त्याहून जास्त फेरे हवे होते. म्हणून मोठ्या चाकावरून साखळ्या घेऊन पंखा ५३ फेऱ्यांवर नेला होता. इंजिनाला सोयीचा वेग वेगळा आणि पंख्याला सोयीचा वेगळा. दोघांचे जमवायला मध्ये दात्यांचे चाक लागते.

एकच मोटर, दोन गाड्या

वडिलांनी हे मुलाला रेल्वेच्या भाषेत समजावले. डब्ल्यूएजी-७ हे मालगाडीचे इंजिन आणि डब्ल्यूएपी-४ हे प्रवासी गाडीचे. दोन्हींत चाके फिरवणारी मोटर एकाच जातीची. फरक दात्यांचा. मालगाडीच्या इंजिनात मोटरच्या चाकाला १६ दाते आणि आसावरच्या चाकाला ६५. प्रवासी इंजिनात २३ आणि ५८. एक ओढण्यासाठी, दुसरे पळण्यासाठी.

मुलाचे वडील त्याला जेवायला बोलवायला आले होते. ते दारात उभे राहून ऐकत होते. मध्येच म्हणाले, "म्हणजे भरलेली रिक्षा चढावर टॉप गिअरमध्ये टाकल्यासारखंच झालं की! इंजिन धापा टाकतं, गाडी काही पुढं जात नाही."

वडील हसले. "तुम्हाला कळलं, भाऊ. आता पोराला सांगा."

त्यानंतर ते गृहस्थ रात्री दहापर्यंत हौदापाशी उकिडवे बसून होते.

शेवटी काय बदलले

भंगारातल्या एका जुन्या प्रिंटरमधून दातेरी पट्टा आणि दोन चाके मिळाली, १६ आणि ४० दात्यांची. लहान चाक मोटरवर, मोठे शाफ्टवर. मोटरचे अडीच फेरे झाले की पंख्याचा एक. आता तोच ४० मिलिमीटरचा पंखा सावकाश पण भरपूर पाणी ढकलू लागला. बांधलेल्या होडीत मीटरवर आकडा आला ७ अँपिअर. ३००० मिलिअँपिअर-तासाची जी बॅटरी २६ अँपिअरने सात मिनिटांत संपली असती, ती आता पंचवीस मिनिटांच्या आसपास पुरते.

नव्या कंट्रोलरचे पैसे आम्ही देऊ केले. मुलाचे वडील ऐकेनात. "निम्मे तुमचे, निम्मे माझे," म्हणाले. आम्ही ते मानले.

तळ्यावर दोन खुंट्यांमध्ये दहा मीटरची दोरी ताणून वेळ मोजली. जुन्या जोडणीत होडीला १४ सेकंद लागत, नव्या जोडणीत साडेनऊ. मुलाला आणखी वेग हवा होता. तेव्हा त्याला खरे ते सांगावे लागले. गोल बुडाची होडी चालताना स्वतःच लाट निर्माण करते. एका वेगापुढे ती आपल्याच लाटेचा चढ चढू लागते आणि शक्ती फुकट जाते. १८७० च्या दशकात विल्यम फ्रूड यांनी इंग्लंडमध्ये टॉर्की येथे लांब हौदात जहाजांचे नमुने ओढून याचा अभ्यास केला. साठ सेंटिमीटरच्या होडीला ही अडचण सेकंदाला साधारण एक मीटरच्या वेगाला येते. त्यापुढे जायचे तर मोटर नव्हे, बूड बदलावे लागते. सपाट बुडाची, पाण्यावर घसरणारी होडी करावी लागते. तो पुढच्या सुट्टीचा विषय.

प्रदर्शनात होडीला बक्षीस मिळाले नाही. पण तपासायला आलेल्या सरांनी मुलाची वही पूर्ण वाचली. जळालेला कंट्रोलर त्याने पुठ्ठ्यावर चिकटवून खाली लिहिले होते, "येथे २६ अँपिअर गेले." सरांनी वडिलांना विचारले, "पुढे कुठे घालणार याला?" वडील म्हणाले, "तो म्हणेल तिथे." महिन्यापूर्वी हेच गृहस्थ 'पुरे झालं' म्हणाले होते.

घरी करून पाहणाऱ्यांसाठी

बालमित्रांनो, तुम्हाला असे काही करायचे असेल तर पुढील गोष्टी लक्षात ठेवा. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज लावा. तो कंट्रोलरवर लिहिलेल्या आकड्यापेक्षा मोठा नको. मोटर किंवा पंखा, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दर वेळी अँपिअर मोजा. हल्ली ब्रश नसलेल्या मोटरी मिळतात. त्यांच्यावर केव्ही म्हणून एक आकडा असतो; तो एका व्होल्टला मोकळेपणी किती फेरे होतील ते सांगतो. मोठ्या पंख्याला कमी केव्हीची मोटर घ्या. लिथियम पॉलिमर बॅटरी एकटीने चार्जिंगला लावून झोपू नका आणि फुगलेली बॅटरी वापरू नका. फिरत्या पंख्याजवळ हात नेऊ नका.

पालकांना एक विनंती. होडी तळ्याच्या मध्ये बंद पडली तर मुलाला पाण्यात उतरू देऊ नका. लांब दोऱ्याला टेनिसचा चेंडू बांधून पलीकडे फेका आणि होडी हळूहळू ओढून घ्या. होडी पुन्हा करता येते.

आणि आमच्यासारख्या काका-मामांना सांगणे एवढेच, की मुलाने काही विचारले तर उत्तर देण्याआधी मीटर काढा.