दाखल्यावर न छापलेलं कारण

घरातलं माणूस गेलं की तेराव्याच्या आधीच कोणीतरी एक जण कागदांच्या मागे लागतो. बँकेला, विम्याला, सातबाऱ्यावरच्या वारसनोंदीला, सगळीकडे मृत्यूचा दाखला लागतो. त्यावर नाव असतं, तारीख असते, ठिकाण असतं. माणूस कशाने गेला ते मात्र नसतं. ते छापायचं राहून गेलेलं नाही. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, 1969 च्या कलम 17 ने दाखल्यावर मृत्यूचं कारण द्यायला मनाईच केली आहे. गेलेल्या माणसाचा आजार चारचौघांत फिरू नये, ही त्यामागची माणुसकी मला फार मोलाची वाटते.

कारण नोंदवलं जातं ते वेगळ्या कागदावर. रुग्णालयातल्या मृत्यूसाठी ‘नमुना 4’ आणि घरी झालेल्या मृत्यूसाठी ‘नमुना 4 अ’. सरकारी फॉर्मांमध्ये इतका विचार करून आखलेला फॉर्म क्वचितच सापडेल. त्यात नुसतं ‘कारण’ विचारत नाहीत, कारणांची साखळी विचारतात. समजा, पहिल्या ओळीत रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग लिहिला. तो कशामुळे? पायाच्या गँग्रीनमुळे. गँग्रीन कशामुळे? मधुमेहामुळे. मृत्यूला सोबत करणारे, पण साखळीत न बसणारे आजार खालच्या दुसऱ्या भागात येतात. पुढे हा कागद निबंधकाकडे जातो. शहरात निबंधक महापालिकेचा किंवा नगरपालिकेचा असतो, खेड्यात हे काम ग्रामसेवकाकडे असतं. तिथून वरच्या कार्यालयात गेल्यावर आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाप्रमाणे त्याला संकेतांक मिळतो. मोजला जातो तो साखळीच्या मुळाशी असलेला आजार, म्हणजे इथे मधुमेह. गँग्रीन नव्हे आणि जंतुसंसर्गही नव्हे, कारण मुळावरच इलाज केला तर पुढची साखळी तुटते.

म्हणून या कागदाचा सगळ्यात मोठा घात एका वाक्याने होतो: ‘हृदयक्रिया बंद पडल्याने मृत्यू.’ हृदय तर प्रत्येकाचंच बंद पडतं. ते मरणाचं स्वरूप झालं, कारण नव्हे. हा मजकूर लिहू नये, अशी सूचना डॉक्टरांना दिलेली असते. पण रात्री दोन वाजता, बाहेर नातेवाईक रडत असताना आणि शववाहिका उभी असताना, दिवसभर राबलेला निवासी डॉक्टर हा फॉर्म भरत असतो. त्याच्यावर रागवण्यात मला न्याय दिसत नाही. हे काम शिकवायला किती वेळ दिला आणि ते करायला किती उसंत दिली, हे आधी विचारायला हवं.

मुळात हा फॉर्म भरलाच किती जणांचा जातो? 2020 साली देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी 22.5 टक्के मृत्यूंनाच वैद्यकीय कारणाचं प्रमाणपत्र होतं. म्हणजे पाचांतल्या जवळपास चौघांचं कारण कुणा डॉक्टरने लिहिलेलंच नाही. गोव्यात मात्र जवळपास प्रत्येक नोंदलेल्या मृत्यूला असं प्रमाणपत्र असतं. म्हणजे हे करून दाखवता येतं.

न लिहिलेल्या मरणाची किंमत सर्पदंशाने दाखवून दिली. रुग्णालयांच्या सरकारी आकड्यांत देशभरातले सर्पदंशाचे मृत्यू वर्षाला दीड हजाराच्या आसपास दिसत होते. मग भारताच्या महानिबंधक कार्यालयासोबत झालेल्या ‘मिलियन डेथ स्टडी’त प्रशिक्षित माणसं घरोघरी गेली. ताप किती दिवस होता, सूज कुठे होती, शेतात काय झालं, असं त्यांनी घरच्यांना विचारलं आणि त्या हकिगती दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे वाचून कारण ठरवलं. त्यातून 2005 सालासाठी निघालेला अंदाज होता सुमारे 46,000. बांधावर, गोठ्यात, रुग्णालयाच्या वाटेवर गेलेली ही शेतकरी-मजूर माणसं तोवर हिशेबातच नव्हती. आणि प्रतिविषाच्या कुप्या किती आणायच्या, कुठल्या आरोग्य केंद्रात ठेवायच्या, हे त्याच हिशेबावर ठरणार!

राज्य मोजणीत कच्चं आहे असं म्हणावं, तर कराचा तक्ता समोर येतो. महाराष्ट्रातल्या पगारदाराच्या पावतीवर व्यवसाय कराचे महिन्याला 200 रुपये कापलेले दिसतात आणि फेब्रुवारीत 300. वर्षाचे बरोबर 2,500, कारण राज्यघटनेने घातलेली कमाल मर्यादाच तेवढी आहे. रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी 1975 मध्ये हा कर आला. दुष्काळात खडी फोडणाऱ्या हातांची मजुरी शहरातल्या पगारातून निघावी, ही त्यामागची कल्पना आजही अभिमान वाटावा अशी आहे. 2020 च्या सप्टेंबरात राज्याने घरखरेदीवरचं मुद्रांक शुल्क 5 टक्क्यांवरून 2 टक्क्यांवर आणलं, तेव्हा दस्तनोंदणी किती वाढली हे लगेच कळत होतं. वस्तू व सेवा कराचे राज्यवार आकडे तर पुढच्या महिन्याच्या सुरुवातीलाच हाती येतात. कोविडच्या दुसऱ्या लाटेच्या 2021 या वर्षातले मृत्यू आणि त्यांची कारणं सांगणारे देशाचे अहवाल मात्र 2025 च्या मे महिन्यात प्रसिद्ध झाले. त्या वर्षी नोंदलेले मृत्यू 1 कोटी 2 लाखांच्या घरात होते, आदल्या वर्षी 81 लाख.

हा फरक नुसत्या संगणकांचा नाही. वस्तू व सेवा करात विकणाऱ्याने बिल दाखवलं नाही, तर घेणाऱ्याची वजावट अडते. म्हणून घेणाराच त्याच्या मागे लागतो. प्रत्येक नोंदीवर कुणाची तरी नजर असते. नमुना 4 वरच्या तिसऱ्या ओळीकडे डोळे लावून बसलेलं असं कोणी नव्हतं. उलट कारण लपवण्यातच घरच्यांचं हित असण्याचा काळही मुंबईने पाहिला आहे. 1896 च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. मग घरझडत्या आणि सक्तीचं विलगीकरण सुरू झालं, तशी माणसं आजारी लपवू लागली, मृतही लपवू लागली. भीतीने भरलेला तक्ता खरा असत नाही.

1 ऑक्टोबर 2023 पासून जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातली दुरुस्ती लागू झाली. तिच्यानुसार रुग्णालयाने कारणाचं प्रमाणपत्र निबंधकाला द्यायचं आणि त्याची प्रत मृताच्या जवळच्या नातेवाइकाला. दाखल्यावर कारण आजही छापत नाहीत, ते घरच्यांच्याच हाती येतं. वडिलांच्या कागदावर शेवटच्या ओळीत ‘मधुमेह’ वाचून एखादी मुलगी स्वतःची साखर तपासून घेईल. आणि तिथे नुसतंच ‘हृदयक्रिया बंद’ लिहिलेलं असेल, तर तो कागद घेऊन ती डॉक्टरांकडे परत जाईल आणि विचारेल, “पण कशामुळे?”