अतिदक्षता विभागात काय मिळते? मुदत!

“त्या पोराला वाचवलंत, मग आमच्या अण्णांना का नाही?”

काही वर्षांपूर्वी अतिदक्षता विभागाच्या दारात एका मुलाने मला हा प्रश्न विचारला. त्याचे वडील नुकतेच गेले होते. शेजारच्या खाटेवरचा सुरगाणा तालुक्यातला तरुण मात्र त्याच सकाळी उठून बसला होता. व्हेंटिलेटर दोघांनाही एकाच प्रकारचे लावले होते. परिचारिका त्याच होत्या, डॉक्टरही तेच. मुलाचा प्रश्न रास्त होता. दारात उभ्या उभ्या मला त्याचे नीट उत्तर देता आले नाही. ते आज या सदरातून देतो.

तरुणाला मण्यार चावली होती. जमिनीवर झोपला असताना रात्री दंश झाला. वेदना जवळजवळ नव्हती, म्हणून त्याने दुर्लक्ष केले. पहाटे पोटात दुखू लागले, पापण्या मिटू लागल्या, बोलणे अडखळू लागले. घरच्यांनी भगताकडे न नेता त्याला तडक रुग्णालयात आणले. मण्यारीचे विष नसांची टोके निकामी करते, त्यामुळे श्वासाचे स्नायू थांबतात. सर्पविषावरची लस रक्तात फिरणारे विष निष्प्रभ करते, पण निकामी झालेली टोके लगेच दुरुस्त करीत नाही. ती शरीरच पुन्हा उभी करते आणि त्याला काही दिवस लागतात. तेवढे दिवस यंत्राने त्याच्यासाठी श्वास घेतला. चौथ्या दिवशी तो स्वतः घेऊ लागला.

अण्णांची गोष्ट वेगळी होती. चाळीस वर्षांच्या विडीने फुप्फुसे आधीच झिजलेली. त्यात न्यूमोनिया झाला आणि ताप अंगावर काढण्यात पाच दिवस गेले. आणले तेव्हा रक्तदाब घसरला होता, मूत्रपिंडांनी काम कमी केले होते. यंत्राने त्यांनाही श्वास दिला. पण त्या आधारावर शरीराने जी दुरुस्ती करायची, तिच्यासाठी लागणारे भांडवलच उरले नव्हते.

वाचकहो, अतिदक्षता विभागाचे सारे मर्म यात आहे. तेथील यंत्रे सहसा रोग बरा करीत नाहीत. व्हेंटिलेटर फुप्फुसांचे, डायलिसिस मूत्रपिंडांचे आणि रक्तदाबाची औषधे रक्ताभिसरणाचे काम तात्पुरते सांभाळतात. म्हणजे शरीराला मुदत मिळते. त्या मुदतीत औषधांनी रोगावर मात करायची आणि शरीराने सावरायचे, असा हा व्यवहार आहे.

हाताने दिलेला श्वास

या विभागाचा जन्मही अशाच मुदतीतून झाला. १९५२ साली डेन्मार्कमधील कोपनहेगन शहरात पोलिओची मोठी साथ आली. श्वास बंद पडलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ जण तीन दिवसांच्या आत दगावले. तेव्हा ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने एका बारा वर्षांच्या मुलीच्या श्वासनलिकेला छिद्र करून नळी घातली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिला श्वास दिला. मुलगी वाचली. पुढे सुमारे १,५०० वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून रात्रंदिवस पिशव्या दाबल्या आणि मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. १९५३ च्या अखेरीस इब्सेन यांनी गंभीर रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग सुरू केला. आजच्या अतिदक्षता विभागाची ती सुरुवात मानली जाते. तिथे यंत्राआधी माणसाचा हात होता, हे विसरू नये.

नाशिकचा २१ एप्रिल

ही मुदत किती नाजूक असते, हे नाशिककरांना वेगळे सांगायला नको. २१ एप्रिल २०२१ रोजी महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात द्रवरूप प्राणवायूच्या टाकीतून गळती झाली. आवारात पांढरे ढग पसरले आणि आत खाटांकडे जाणारा पुरवठा खंडित झाला. त्या दिवशी किमान २२ करोना रुग्णांचा मृत्यू झाला.

थोड्या वेळाच्या खंडाने एवढे का घडावे? निरोगी माणूस २१ टक्के प्राणवायू असलेल्या साध्या हवेवर जगतो. या रुग्णांची फुप्फुसे इतकी भरलेली होती की, त्यांना त्याहून कितीतरी जास्त प्राणवायू सतत लागत होता. त्यांच्याकडे शिल्लक काहीच नव्हती. मेंदू तर प्राणवायूविना काही मिनिटेच तग धरतो.

बरे, चटकन सिलिंडर जोडून भागते का? हिशेब पाहा. मोठ्या, म्हणजे जंबो सिलिंडरमध्ये सुमारे ७,००० लिटर प्राणवायू असतो. मिनिटाला ६० लिटर लागणाऱ्या एका रुग्णाला तो दोन तासही पुरत नाही. उलट एक लिटर द्रव प्राणवायूपासून सुमारे ८६० लिटर वायू होतो, म्हणून मोठी रुग्णालये टाकी वापरतात. पण सगळ्या खाटा एकाच टाकीवर असल्या की तिची झडप, तिची तपासणी आणि तिला पर्यायी पुरवठा ही कामे औषधाइतकीच महत्त्वाची ठरतात.

जास्त म्हणजे चांगले नव्हे

उपचारांतही मोठ्या सुधारणा साध्या गोष्टींतून झाल्या. पूर्वी निकामी फुप्फुसांत यंत्राने भरपूर हवा भरत असत. २००० साली प्रसिद्ध झालेल्या ८६१ रुग्णांच्या अमेरिकी अभ्यासात दर श्वासाची हवा निम्मी केली, तेव्हा मृत्यूचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले. जास्त हवेने फुप्फुसे ताणली जाऊन अधिक बिघडत होती. २०१३ च्या फ्रान्समधील अभ्यासात अशा अत्यवस्थ रुग्णांना रोज बराच वेळ पालथे ठेवल्याने २८ दिवसांतील मृत्यू सुमारे ३३ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले. २०२० मध्ये डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त औषधाने व्हेंटिलेटरवरील करोना रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले.

म्हणून रुग्णालय निवडताना केवळ यंत्रांची संख्या विचारू नका. रात्री तज्ज्ञ डॉक्टर हजर असतो का आणि एका परिचारिकेकडे किती रुग्ण असतात, हे विचारा. प्रत्येक रुग्णाला हात लावण्यापूर्वी हात धुतले जातात का, हे पाहा.

नातेवाइकांनी काय करावे?

पहिले म्हणजे वेळ घालवू नये. तापात श्वास जलद होणे, माणूस गुंगीत जाणे किंवा असंबद्ध बोलणे, लघवी कमी होणे, हातपाय गार पडणे ही धोक्याची लक्षणे आहेत. एरवी निरोगी माणसाच्या बोटावरच्या ऑक्सिमीटरवर ९४ च्या खाली आकडा आला, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. सर्पदंशात तर जखम कापणे, आवळून बांधणे, मंत्र-तंत्र यात एक मिनिटही घालवू नका.

दुसरे, डॉक्टरांना रोज तीन प्रश्न विचारा. आज कोणत्या अवयवाला आधार द्यावा लागतो आहे? कालच्यापेक्षा तो कमी झाला की वाढला? पुढचे दोन दिवस आपण कशाची वाट पाहत आहोत? घरातील एकानेच विचारावे आणि इतरांना सांगावे. खर्चाबद्दल संकोच न करता बोला. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसतात का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारा.

तिसरे, आत जाऊ दिले की रुग्णाशी बोला. सतत दिवे चालू असलेल्या त्या खोलीत दिवस-रात्रीचे भान सुटते, माणूस बरळू लागतो. त्याला वार सांगा, घरची खुशाली सांगा. चष्मा आणि कानाचे यंत्र द्या.

आणि चौथे, अवघड असले तरी सांगतो. कधी कधी मुदत वाढवूनही पुढे काही उरत नाही. तेव्हा यंत्रे चालू ठेवणे म्हणजे केवळ मरण लांबवणे ठरते. अशा वेळी काय करावे, याची इच्छा शुद्धीत असताना लिहून ठेवण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्य केला आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. घरातील वडीलधाऱ्यांशी हे बोलणे ते हिंडते-फिरते असतानाच व्हावे. दवाखान्याच्या जिन्यात, रात्री दोन वाजता, ते नीट होत नाही.

अण्णांच्या मुलाला आज मी इतकेच सांगेन: तुझ्या वडिलांच्या उपचारात आम्ही काही राखून ठेवले नव्हते. त्या पोराचे शरीर मुदत मिळाल्यावर दुरुस्त होण्याजोगे होते आणि तो वेळेवर पोहोचला. ती विडी आणि ते पाच दिवस आमच्या दारापर्यंत येण्याआधीच खर्ची पडले होते. तुझ्या खिशात विडी-काडी असेल, तर ती आजच टाकून दे.