लग्नपत्रिकांची पद्मिनी

मैत्रिणींनो, लग्नपत्रिका रद्दीत टाकायला जीव होत नाही ना? मी त्यांची टॅक्सी केली!

आमच्या मामंजींनी मुंबईत वर्षानुवर्षं पद्मिनी चालवली. कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेली ही गाडी. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ साली नोंदली गेली, आणि वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये तीही बंद झाली. परळीत ती बातमी वाचली आणि मामंजी गप्प गप्पच झाले.

मग मी पट्टी घेतली. खरी गाडी चार मीटरला थोडी कमी. वीसपट लहान केली, की वीस सेंटिमीटरच्या आत बसते. घडीच्या रेषेवर आधी संपलेली रिफिल ओढायची, म्हणजे जाड कागद नीट दुमडतो. टपाचा बाक लाटण्यावर आणला. चाकं म्हणजे चकत्या एकावर एक चिकटवलेल्या. काळं अंग, पिवळा टप.

मामंजींनी गाडी निरखली. "सूनबाई, मीटर कुठंय?"

डाव्या अंगाला, काचेपाशी काडेपेटीच्या तुकड्याचा मीटर त्यांनीच बसवला. मग गाडी उलटी केली. पोटावर छापलेलं, 'श्री वैद्यनाथ प्रसन्न'!

कितीतरी दिवसांनी हसले. तुमच्या घरी असं कुणी गप्प झालंय? काढा बघू जुन्या पत्रिका!